दोन तळहातांमधले बोटभर अंतर

कंधारच्या बसस्थानकात त्या दिवशी दोन गाड्या इतक्या लगत उभ्या होत्या की एकीच्या खिडकीतून दुसरीच्या खिडकीत सहज हात पोहोचला असता. एक नांदेडला निघालेली, दुसरी मुखेडमार्गे उदगीरला. जानेवारी सरत आला होता. तुरीच्या राशी निघण्याचे ते दिवस. वाऱ्याबरोबर भुसकटाचा बारीक, गोडसर वास स्थानकापर्यंत येत होता.

नांदेडच्या गाडीत खिडकीपाशी लुंबिनी बसली होती. जन्मापासून तिला ऐकू येत नसे. नांदेडच्या एका कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत ती चौथीच्या वर्गाला शिकवीत होती आणि रविवारची सुट्टी कंधारला वडिलांकडे घालवून परत निघाली होती. समोरच्या आसनाच्या दांडीला तिने मोबाइल टेकवून ठेवला होता. पडद्यावर विशाखा होती, त्याच शाळेतली शिक्षिका, तिच्यासारखीच कर्णबधिर, नांदेडच्या भाड्याच्या खोलीतली तिची सोबतीण. तिला लुंबिनी दोन्ही हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी आपला सारा संताप निवेदन करीत होती.

"लातूरचं स्थळ! मी सरळ विचारलं, आधी लग्न झालंय का? त्याचे हात थांबले. असे. हवेत! मग म्हणाला, नाही. आणि काल कळलं, बायको आहे. अहमदपूरला, माहेरी ठेवलीय."

"मेल्याचं तोंड बघू नको," विशाखा पडद्यावरून म्हणाली.

"तोंडाचं सोड. आता मी एकच ओळखते. हात अडला की समजायचं, खोटं आहे."

एवढे सांगून तिने सहज मान वळवली. समोरच्या गाडीच्या खिडकीत एक तरुण हसत होता. केस थोडे विस्कटलेले, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याची दृष्टी तिच्या चेहऱ्यावर नव्हती, हातांवर होती... आणि हात वाचणाऱ्याची दृष्टी कशी असते, हे लुंबिनीला कोणी सांगावे लागत नव्हते.

तिने मोबाइल उलटा ठेवला. "दुसऱ्याचं बोलणं चोरून बघता? लाज नाही वाटत?"

"चोरून कुठे?" त्याचे हात चपळ, मिस्कील. "तुम्ही तर ओरडत होतात. अख्ख्या स्थानकाला दिसलं."

"मग डोळे मिटून घ्यायचे."

"मिटले होते. पण वाटलं, लातूरच्या त्या माणसाचं पुढे काय झालं ते राहून जाईल."

लुंबिनीला हसू आले. ते तिने ओढणीत दडवले. आपल्या पूर्वजांनी वाणीच्या चार पायऱ्या मानल्या. ओठांवर येते ती वैखरी, सर्वांत शेवटची. तिच्या कितीतरी आधी येते ती पश्यन्ती, म्हणजे पाहणारी. लुंबिनीसारख्यांना वैखरी लाभली नाही म्हणून आपण हळहळतो. परंतु त्यांची सारी वाणी डोळ्यांतच वस्तीला असते, आणि काचेपलीकडचा मनुष्य तिला परका राहत नाही, हे आपल्या ध्यानी येत नाही.

उदगीरची गाडी हलली. तरुण घाईने उठला आणि बोटांवर आकडे दाखवू लागला. नऊ... चार... दोन... गाडी वळण घेईपर्यंत त्याची बोटे दिसत होती, आणि लुंबिनीने — का कोण जाणे — एकेक आकडा मोबाइलमध्ये टिपून घेतला.

नांदेडला पोहोचून मोजले, तर आकडे अकरा!

"अकरा?" विशाखाने कपाळाला हात लावला. "सापडायचं नसतं तोच अकरा आकडे देतो. पुस ते."

लुंबिनीने पुसले नाहीत. मधला सातचा आकडा लागोपाठ तीनदा आला होता. तेथे त्याची बोटे एकाच जागी जराशी घुटमळल्यासारखी तिला वाटली होती. एक सात गाळून तिने निरोप पाठवला, 'लातूरच्या माणसाला वडिलांनी दारातूनच परत पाठवलं.' क्षणभरात उत्तर आले, 'बरं झालं. मी दार उघडं आहे का ते विचारणार होतो.'

त्याचे नाव आनंदराज. उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये तो डाळीची प्रतवारी करणारे यंत्र चालवीत असे. त्या मिलमध्ये आवाज एवढा की ऐकू येणारी माणसे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत. आनंदराज मात्र वीस हातांवरून मुकादमाशी निवांत हुज्जत घाली. हे सारे त्याने तिला पहिल्याच व्हिडिओ कॉलवर सांगितले, आणि मुकादमाची नक्कल अशी केली की लुंबिनीच्या डोळ्यांत पाणी आले.

मग रोज सायंकाळी सातला कॉल होऊ लागला. त्यांच्या भाषेत समोरच्याकडे बोट वळवले की 'तू' होतो. कोणास आदर द्यायचा असेल तर बोटाऐवजी उघडा तळहात वळवावा, असा त्यांच्यातला शिष्टाचार. आनंदराज महिनाभर तळहातच वळवीत होता. फेब्रुवारीच्या एका सायंकाळी तो तुरीच्या भावाबद्दल काहीसे सांगत असताना त्याचा तळहात अर्ध्यावर मिटला आणि पुढे आले ते एकटे बोट. दोघेही थांबले.

"आत्ता काय झालं?" लुंबिनीने विचारले.

"काही नाही. हाताला थंडी वाजली."

"मग बोट गुंडाळून ठेव," ती म्हणाली. तिनेही बोटच वळवले होते.

येथवर सारे गोड होते. परंतु कधी कधी पडद्यावरचे चित्र अडे. आनंदराज बोलता बोलता थांबे; हात हवेत स्थिर, चेहरा ताठ, मान किंचित वाकलेली. कधी एकच खूण दोनदा, तीनदा, चारदा उमटे. मग हात खाली जात आणि अक्षरे येत, 'रेंज नाही.' लुंबिनी मोबाइल खिडकीशी नेई, उंच धरी, बंद करून चालू करी. आणि दोन महिने तिने मोबाइल कंपनीला मनसोक्त शिव्या दिल्या.

संशय प्रथम विशाखाला आला. ती पलंगावर बसून शेंगा सोलीत होती आणि तिरप्या नजरेने पडदा पाहत होती. लुंबिनीने नुकतेच विचारले होते, "तुझ्या घरी कोण कोण आहे?" आनंदराज म्हणाला, "आई," आणि पुढची खूण करण्यासाठी त्याचा हात कानाकडे गेला... तेथेच राहिला. बोटे कानाशी. डोळे बाजूला वळलेले. मग अक्षरे आली, 'रेंज नाही.'

विशाखाने शेंगांची परडी खाली ठेवली. "लुंबिनी, रेंज अडली तर चित्र अडतं ना?"

"हो."

"मग त्याच्या डोक्यावरचा पंखा कसा फिरत होता?"

तिलाही पंखा दिसला होता. पाती गरगर फिरत होती आणि त्यांच्याखाली एक हात दगडासारखा थांबला होता. पाहिले होते, पाहिले असे मानले मात्र नव्हते.

"घरात कोण आहे विचारलं, तर हात कानाला," विशाखा पुढे म्हणाली. "कोणी आतून हाक मारली असेल. बायको असेल. आणि हाक कळली, म्हणजे ऐकू येतं त्याला! बहिरेपणाचं खोटं प्रमाणपत्र काढून नोकऱ्या मिळवणारे काय कमी आहेत?"

"मिलमध्ये डाळ निवडायला कोण प्रमाणपत्र मागतं?"

"मग बायको. दोन्हीतलं एक नक्की."

पुढल्या पंधरा दिवसांत लुंबिनीने पडद्यावर आनंदराज कमी आणि पंखा अधिक पाहिला. गमतीच्या गोष्टीत त्याचे हात पाण्यासारखे वाहत. मुकादम, उदगीर स्थानकावरची माकडे, आईने खारट केलेले वरण, कशातही अडथळा नसे. तिने मनातले काही विचारले, घरचे, उद्याचे, की हात अडलेच. आणि पंखा फिरत राही. लातूरच्या माणसाचे हात जसे अडले होते, अगदी तसेच. एकदा फसलेल्या मनाला दुसऱ्या वेळी पुरावा फार लागत नाही. तिला पुन्हा फसायचे नव्हते. आणि आनंदराजला गमवायचेही नव्हते. ह्या दोहोंच्या मध्ये तिची झोप उडाली.

अखेर तिने त्याला लिहिले, 'रविवारी आईला घेऊन कंधारला ये. बाबांसमोर बस. मला समोरासमोर विचारायचं आहे.' उत्तर यायला बराच वेळ लागला. आले ते एवढेच, 'येतो.' शनिवारी सायंकाळी त्याने कॉल केला, फार बोलला नाही. दोन्ही तळवे उघडून दाखवले, 'उद्या,' आणि हसला.

एप्रिलचा तो दुसरा रविवार. घराच्या शहाबादी फरशीवर पाणी शिंपडून ती गार केली होती. लुंबिनीचे वडील ग्यानोबा हे एसटीचे निवृत्त वाहक. तिकिटे फाडता फाडता पस्तीस वर्षे त्यांनी जिल्ह्यातले रस्ते मोजले होते. लेकीशी बोलण्यापुरत्या घरगुती खुणा त्यांना येत. शाळेतली पुरी भाषा मात्र त्यांच्या हाती कधी बसली नाही. विशाखा नांदेडहून खास आली होती, डोळ्यांना धार लावून.

"जय भीम, दादा," दारातून आत येत आनंदराजची आई केवळाबाई म्हणाली. ठसठशीत बांध्याची, घाईघाईने बोलणारी बाई. तिच्यामागे आनंदराज होता. पांढरा सदरा, नीट विंचरलेले केस... आणि उजव्या हाताला मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत जाडजूड पांढरी पट्टी!

"जय भीम, ताई. या, बसा." ग्यानोबांची नजर हातावर गेली. "पोराच्या हाताला काय झालं जी?"

"मिलमंदी पट्ट्यात सापडला की. चार दिस झाले. डागदरनं हात हलवू नको म्हणलंय. तुमी काय इचारायचं ते मला इचारा, मी सांगते समदं."

लुंबिनीला ऐकू आले नाही. परंतु केवळाबाईने उभारून मागे उडवलेली चार बोटे तिने पाहिली, आणि पट्टीही पाहिली. चार दिवस! काल सायंकाळी तर ह्याच हाताचा तळवा तिच्यासमोर उघडा होता.

विशाखाने तिला कोपराने ढोसले. "मनगटावर नाव गोंदलेलं असेल. बायकोचं. म्हणून झाकलंय."

"गप्प बस."

"आधी कान तपासू." आणि कोणी अडवण्याआधी विशाखाने आनंदराजच्या पाठीमागे जाऊन पोह्यांची रिकामी परात फरशीवर सोडून दिली. ग्यानोबा दचकले. केवळाबाई "आगं माय!" म्हणून उभीच राहिली. आनंदराजनेही वळून पाहिले.

"पाहिलंस? ऐकू येतं!" विशाखाचे हात विजयाने उंचावले.

"फरशी हलली," लुंबिनी रागाने म्हणाली. "माझ्या पायाला पण कळली. तुझ्या नाही कळली?"

विशाखाने आपल्या पायांकडे पाहिले आणि परात उचलली.

"ही पोरगी लई येडी हाय का हो, दादा?" केवळाबाईने हळूच विचारले.

"मास्तरीण हाय," ग्यानोबा म्हणाले.

पोहे झाले, चहा आला. ग्यानोबा विचारीत आणि केवळाबाई उत्तरे देई. पोरगा कष्टाळू हाय. व्यसन न्हाई. आनंदराज मान खाली घालून बसला होता. पट्टीचा हात मांडीवर, जणू तो दुसऱ्याच कोणाचा हात होता आणि सांभाळायला म्हणून त्याच्याकडे दिला होता. एकदाच त्याने मान वर केली. लुंबिनी त्याच्याकडेच पाहत होती. त्याच्या डोळ्यांत खोटेपणा असता तर तिला बरे वाटले असते. तेथे होती ती लाज.

ती उठली. त्याच्यासमोर जाऊन तिने पट्टीकडे बोट दाखवले. "काढ."

केवळाबाई मध्ये आली. "न्हाई न्हाई, जखम हाय माय..."

"काढ," लुंबिनीचे हात पुन्हा म्हणाले. "काल हा हात बरा होता. आज नाही. खाली कोणाचं नाव आहे?"

आनंदराजने आईकडे पाहिले, मग डाव्या हाताने पट्टीची गाठ सोडली. पदर उलगडत गेले. आत ना जखम होती, ना नाव. स्वच्छ, निरोगी, डाळीच्या पिठाने कोरडा पडलेला एक हात होता.

ग्यानोबांचा आवाज चढला. "हे काय हो ताई? खोटं बोलून राहिल्या माझ्या घरात बसून?"

केवळाबाईने पदर तोंडाला लावला. आनंदराज उभा राहिला. त्याने उजव्या हाताचे बोट छातीशी नेले, 'मी'. ते बोट छातीवर एकदा टेकले. पुन्हा टेकले. पुन्हा. पुन्हा. पुढची खूण निघेना. मनगटाच्या शिरा ताठ झाल्या, जबडा आवळला, मान एका बाजूला वाकली. आणि बोट मात्र तेथेच, छातीवर, दार उघडत नाही म्हणून ठोठावीत राहावे तसे.

"मी खोटारडा," विशाखाने त्याचे वाक्य पुरे केले. "असंच ना?"

केवळाबाई पुढे झाली. तिने लेकाचे मनगट धरले आणि पुढे ढकलले. रुतलेल्या गाडीचे चाक ढकलावे तसे, फार वर्षांच्या सवयीने. "आसंच करावं लागतं ह्याचं. ल्हानपणापसून. शाळंत गुरुजी बी आसंच हात धरून फुडं न्यायचे. त्याला म्हणायचं ते मीच सांगते..."

मनगट धरले गेले त्या क्षणी आनंदराजने डोळे मिटून घेतले. हात वाचणाऱ्या मनुष्याने डोळे मिटणे म्हणजे काय, ते लुंबिनीला उमगले. तो तेथून निघून गेला होता.

आणि अकस्मात तिला तिच्या शाळेतले लिपिक आठवले, बालाजीराव. ऐकू येणारे, तोंडाने बोलणारे. त्यांचे ओठ कधी कधी एकाच अक्षरावर आपटत राहत. गळ्याची शीर अशीच ताठ होई, मान अशीच वाकडी. तोंडाचे असे अडते, हे तिला ठाऊक होते. बालाजीरावांना कोणी लबाड म्हणत नसे, सारे थांबत. हाताचेही तसेच अडू शकते, हे आयुष्यभर हातांनी बोलूनही तिच्या मनात कधी आले नव्हते. लातूरच्या त्या माणसाचे हात थांबले होते तेव्हा सैल होते, उत्तर शोधीत होते. ह्याचे हात उत्तर जाणत होते, आणि ते बाहेर काढण्यासाठी झुंजत होते. ती रोज पाहत आली, आणि दोन्हींना एकच समजली.

तिने केवळाबाईची बोटे त्याच्या मनगटावरून एकेक करून, मऊपणे सोडवली. मग त्याच्या खांद्याला स्पर्श केला. त्याने डोळे उघडले.

"सांग," ती म्हणाली. "मी बघतेय."

"मी — मी — लबाड नाही." एकेक खूण सुटत होती. "हात... अडतात. लहानपणापासून. गमतीत नाही अडत. जेवढं मनापासून — तेवढं जास्त."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"कंधारला... गाडीत. तू विशाखाला सांगत होतीस. हात अडला की — की — खोटं. मी वाचलं होतं." तो क्षीण हसला. "म्हणून रेंज."

लुंबिनी खाली बसली. स्वतःचे वाक्य असे समोर येऊन उभे राहील, ही कल्पना तिला नव्हती.

"आणि घरात?" विशाखाने विचारले, पण आता तिचे हात लहान झाले होते. "घरात कोण आहे?"

"आई. आणि..." हात कानाकडे गेला. थांबला. केवळाबाईची बोटे नकळत पुढे आली. तिने ती पदरात आवळून धरली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मग आनंदराजच्या बोटांनी कानामागे एक पेन्सिल खोचली. ती कोणाची तरी नामखूण होती. त्या भाषेत प्रत्येक आपल्या माणसाला अशी एक खूण असते. "वडील. सुतार होते. गेले. दोन वर्षं झाली."

केवळाबाईला शाळेतली भाषा कळत नसली, तरी ही एक खूण तिच्या घरातली होती. "गेल्यापसून त्यांचं नाव काढलं न्हवतं ह्यानं," ती ग्यानोबांना म्हणाली, आणि चहाचा रिकामा कप उगाच सरळ करीत राहिली.

विशाखा उठून आत निघून गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे धुतलेले होते, आणि हातात कोणी मागितले नव्हते ते पाणी होते.

लुंबिनीने मात्र भुवया चढवलेल्याच ठेवल्या. "हात अडले त्याचा मला राग नाही. पट्टी कोणी बांधली?"

त्याने आईकडे बोट दाखवले. मग ते बोट वळवून स्वतःकडे आणले. "मी बांधू दिली."

"त्याचा राग आहे. आणि दोन महिने मी त्या मोबाइल कंपनीला शिव्या घातल्या. तिची माफी कोण मागणार?"

"पत्र लिहितो," आनंदराज म्हणाला. कुठेही न अडता.

"माझी पण मागायची. मी विचारलं की उत्तर माझ्याकडे बघून द्यायचं. अडलं तर अडू दे. पळायचं नाही."

"कंटाळशील."

"ते मी ठरवीन. तुला काय, बस चुकेल म्हणून भीती वाटते?"

"बस तर — केव्हाच — चुकलीय," तो म्हणाला.

ग्यानोबा इतका वेळ दोघांच्या हातांकडे आळीपाळीने पाहत होते. आता ते अस्वस्थपणे उठले. लेकीला समजेल अशा घरगुती खुणा करीत, तोंडानेही म्हणाले, "काय म्हणून राहिला हा? लई येळ झाला, माय. हो का न्हाई, येवढंच सांग मला. पाच वाजता उदगीरची गाडी हाय त्यांची."

लुंबिनीने आनंदराजकडे पाहिले. त्याने दोन्ही हात छातीसमोर आणले होते. कोणती खूण येणार, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळले. लग्नाची खूण अवघड नाही. तळहाताला तळहात भेटतो आणि बोटे एकमेकांत गुंफली जातात. परंतु आनंदराजचे हात जवळ आले आणि एक बोटभर अंतर राखून थांबले. दूर गेले, पुन्हा आले. पुन्हा तेथेच. कपाळावर घामाचा थेंब उभा राहिला.

ते अंतर केवढेसे होते! लुंबिनीने आपले दोन हात पुढे केले असते आणि त्याचे तळवे हलकेच मिटवले असते, तर ते पाहणाऱ्यांना फार सुंदर दिसले असते. केवळाबाई तर डोळ्यांनी तेच विनवीत होती. लुंबिनीचे हात उचललेही गेले. मग तिने ते मागे घेतले, पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले, आणि पाय रोवून त्याच्यासमोर उभी राहिली. आजवर त्याची किती वाक्ये दुसऱ्यांनी पुरी केली होती, कोण जाणे. हे त्याचे होते.

वडिलांकडे वळण्यापुरताच तिने एक हात मोकळा केला. "तो अजून बोलतोय, बाबा. थांबा."

ग्यानोबांनी लेकीकडे पाहिले, त्या तरुणाच्या थांबलेल्या हातांकडे पाहिले, आणि पुन्हा खुर्चीत बसले. बसस्थानकाकडून गाडीचा भोंगा वाजला. ऐकू येणाऱ्या दोघांनी तो ऐकला आणि काहीच केले नाही.

हात जवळ आले. थांबले. आनंदराजने नजर खाली वळवली नाही. ती तिच्या डोळ्यांत तशीच राहिली, आणि तिची त्याच्या.

मग तळहाताला तळहात भेटला. बोटे गुंफली गेली.

लुंबिनीने होकार दिला. इतक्या चटकन, की केवळाबाईला तो दिसलाच नाही, आणि तिला पुन्हा एकदा द्यावा लागला.